वेलाचा तुकडा सोबत न्या

औषध उलटलं, असं आपण सहज म्हणतो. पण उलटलेलं औषध झाडपाल्याचं असेल, तर डॉक्टरसमोर ते कुणी उच्चारत नाही. गोळी खाऊन अंगावर पित्त उठलं, तर माणूस गोळ्यांची पट्टी घेऊन दवाखाना गाठतो. गुळवेलीचा काढा घेता घेता डोळे पिवळे झाले, तर मात्र काढ्याचं नाव निघत नाही. पथ्य चुकलं, उष्णता वाढली, अंगातला दोष बाहेर पडतोय, अशी कारणं तयारच असतात. झाडपाल्याने काही जणांना इजा होते, हे खरं आहे. पण एरवी थोडक्यात निभावली असती अशी इजा लपवाछपवीमुळे जिवावर बेतू शकते. आणि ही लपवाछपवी थांबवणं वाशिम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावातही आपल्या हातात आहे.

करोनाकाळातली गुळवेल हे याचं नीट नोंदलं गेलेलं उदाहरण. वऱ्हाडात धुऱ्यावरच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल कुणाला दाखवावी लागत नाही. 2020 मध्ये प्रतिकारशक्तीच्या नावाने ती घरोघरी उकळू लागली. आयुष मंत्रालयाच्या करोनाविषयक सूचनांतही तिला जागा मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे आढळले, की ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि जे गुळवेल घेत होते. 2021 मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उठल्यासारखं चित्र होतं. अनेकांच्या यकृताचा जुना आजार गुळवेलीनंतर एकदम बळावला होता. वेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यक काळ होता 46 दिवस.

हा 46 दिवसांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. आज खाल्लं आणि उद्या उलटी झाली, तर संबंध कुणालाही जोडता येतो. दीड महिन्यापासून रोज सकाळी पोटात जाणारा काढा मात्र औषध म्हणून लक्षातच राहत नाही. तो चहासारखा दिनक्रमात मुरलेला असतो. भूक मरते, मळमळतं, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते आणि मग डोळे पिवळे दिसतात. आता कावीळ म्हटलं की आपल्याकडे पाय दवाखान्याआधी कावीळ उतरवणाऱ्याकडे वळतात, आणि तिथे मिळते आणखी एक मुळी, आणखी एक रस. खुद्द गुळवेलही काविळीवर दिली जाते. म्हणजे ज्याने इजा झाली, तेच वाढीव मात्रेत सुरू राहण्याची शक्यता. दवाखान्यात रक्त तपासून बिलिरुबिन आणि एसजीपीटी वाढलेलं कळेल, दूषित पाण्यातून येणारी कावीळ आहे का तेही तपासता येईल. पण वनस्पतीने झालेली इजा सांगणारी एकच एक खात्रीची तपासणी नाही. बाकीची कारणं वगळत आणि काय घेतलं ते विचारत डॉक्टरला तिथवर पोचावं लागतं. रुग्ण गप्प राहिला तर ही वाटच बंद होते.

यावर पहिला आक्षेप खुद्द आयुष मंत्रालयाचा. जुलै 2021 मध्ये मंत्रालयाने मुंबईचा अभ्यास दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती संशोधकांनी तपासलीच नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असू शकते, असं त्याचं म्हणणं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बांधावरून तोडलेल्या वेलीची ओळख चुकू शकते. पण तो मान्य केला, तर निष्कर्ष काय निघतो? रुग्णाने वेलाचा तुकडा, काढ्याची बाटली, चूर्णाची पुडी सोबत न्यायला हवी, हाच. गुळवेल दोषी असो वा तिची जुळी बहीण, दोन्ही बाजूंना हवा असलेला पुरावा रुग्णाच्या पिशवीत आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: असं बोलणं म्हणजे आयुर्वेदाचा अपमान. उलट, झाडपाला निरुपद्रवी असतो ही समजूतच आयुर्वेदात बसत नाही. औषध चुकीचं वापरलं तर विष होतं, हे चरकसंहितेत सांगितलेलं आहे. आपल्या भागातला बिब्बा घ्या. तो कातडीवर उतला की फोड येतात, हे आजीबाईलाही ठाऊक असतं. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही त्याचं नाव आहे. ॲलोपॅथीच्या गोळ्याही उलटतात, हेही खरं. पण पट्टीवर नाव आणि मात्रा असते, म्हणून उपाय लवकर सापडतो. कागदात बांधलेल्या पुडीवर काहीच नसतं. सांधेदुखीच्या अशा काही पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते दीर्घकाळ घेऊन एकदम सोडणंही धोक्याचं असतं. त्यामुळे नुसतं औषध बंद करून घरी बसण्यानेही भागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: डॉक्टर ओरडतात. ज्याला एकदा ‘कशाला खाल्लं हे?’ असं ऐकून घ्यावं लागलं, तो पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. खर्चाची अडचण तरी कमी झाली आहे; 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. रुग्ण बरळू लागला, गुंगीत गेला किंवा रक्ताची उलटी झाली, तर 108 ला फोन करता येतो. पण रिठदहून रिसोडचं किंवा वाशिमचं रुग्णालय गाठलेल्या माणसाला तिथे अपमानच मिळणार असेल, तर मोफत उपचारही अपुरे. ‘घरचं काही औषध चालू आहे का?’ हा प्रश्न बीपी-शुगरच्या प्रश्नाइतक्याच सहजपणे विचारला गेला पाहिजे. 2024 मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ही सवय पहिल्यापासून लावता येईल.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी 2025 मध्ये ‘आयुष सुरक्षा’ ही केंद्रीय ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली. आयुष खात्याचे केंद्रीय राज्यमंत्री प्रतापराव जाधव हे रिसोडच्या शेजारच्या मेहकरमधून आमदार झालेले. तेव्हा या नोंदी आपल्या भागातून किती जातात, हे त्यांना विचारण्याचा आपला हक्क थोडा जास्तच आहे. लाखो लोक गुळवेल घेतात आणि बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणूनच ज्या थोड्यांना होतं त्यांची नोंद झाल्याशिवाय कुणी ती टाळावी, हे वैद्यालाही सांगता येणार नाही. पुरावा अपुरा आहे, असं म्हणण्याचा अधिकार पुरावा गोळा करणाऱ्यालाच असतो, आणि तो गोळा होतो तो तालुक्याच्या ओपीडीत, न ओरडता विचारलेल्या प्रश्नाला मिळालेल्या खऱ्या उत्तरातून.