पाखरांच्या वाटा आणि विकासाचा हिशेब

गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे आणि ठाणे–बोरिवली बोगदा ही दोन्ही कामे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. त्यांच्याविषयी जो वाद झाला त्यात प्रवासाची वाचणारी मिनिटे होती, तोडली जाणारी झाडे होती आणि बिबट्याही होता. पक्ष्यांचा विचार मात्र सहसा झाडांच्या यादीला जोडलेले परिशिष्ट म्हणूनच होतो. ज्याला पंख आहेत त्याला रस्ता काय आणि खाडी काय, हा आपला सर्वसाधारण समज. बोरिवलीचे झाड तुटले तर पाखरू मुलुंडला जाईल, तेथे जमले नाही तर तुंगारेश्वरला जाईल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत निदान काही पक्ष्यांच्या बाबतीत चुकीचे आहे. आणि ज्यांच्या बाबतीत ते चुकीचे आहे, त्यांच्यासाठीच जंगल हा एकमेव आसरा आहे.

भूप्रदेशाची ठेवण पक्ष्यांच्या रक्तात कशी उतरते, याचा उत्तम पुरावा आपल्याच सह्याद्रीने दिला आहे. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील नऊ ठिकाणांहून २३ जातींच्या ३५६ पक्ष्यांचे जनुकीय नमुने तपासले व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. २३ पैकी १० जातींमध्ये सर्वांत जुनी फारकत पालघाटच्या रुंद खिंडीपाशी झालेली आढळली. अधिक अरुंद व उथळ दऱ्यांनी यांपैकीच काही जातींची पुढे आणखी वाटणी केली. डोंगरमाथ्यावरील शोला जंगलात राहणारा जो छोटा निळसर पक्षी पूर्वी एकच जात समजला जाई, त्याच्या पालघाटच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील जाती आता वेगळ्या मानल्या जातात. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजातीही स्थापन झाली. खिंड ओलांडण्याइतके बळ पंखांत नसावे असे नव्हे. पण खालचे उष्ण, उघडे मैदान त्या पक्ष्याचे घर नव्हते. तथापि उरलेल्या बहुसंख्य जातींवर खिंडीचा असा परिणाम दिसला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अडथळा सर्वांना सारखा नसतो. घार, कावळा आणि पारवा यांना उपनगर हे अंगण आहे. जंगलाच्या तळाशी पालापाचोळ्यात वावरणाऱ्या चकोत्रीसारख्या पक्ष्याला तेच उपनगर समुद्र ठरू शकते.

सह्याद्रीच्या खिंडींना हे काम करण्यास लक्षावधी वर्षे मिळाली. माणसाला इतका अवधी लागत नाही. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली तेव्हा पाण्याने वेढलेली एक टेकडी बारो कोलोराडो नावाचे बेट झाली. जंगल तेच राहिले, पण त्यातील अनेक पक्षी पुढील काही दशकांत नाहीसे झाले. त्याच तलावात संशोधकांनी जंगली पक्षी होडीतून नेऊन किनाऱ्यापासून १०० ते ३०० मीटर अंतरावर सोडले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष विलक्षण आहे. काही जाती सहज किनाऱ्यास पोहोचल्या, तर काहींना १०० मीटरही झेपले नाहीत.

चक्रवाढीचा नियम

एखादा गट असा एकाकी पडला की पुढे जे घडते ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल. ती चक्रवाढच आहे, फक्त उलट्या दिशेने चालणारी. लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या साध्या सूत्रानुसार गटात प्रजननक्षम पक्षी ५० असतील तर दर पिढीस जनुकीय वैविध्याचा १ टक्का गळतो. ते १० च असतील तर ५ टक्के. एक टक्का ही रक्कम किरकोळ वाटते. परंतु ५० पिढ्यांत तिने मूळ भांडवलाचे सुमारे ४० टक्के खाल्लेले असतात, आणि लहान पक्ष्यांच्या ५० पिढ्या म्हणजे शे-सव्वाशे वर्षे. बोरीबंदर–ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, त्याला यापेक्षा अधिक काळ लोटला आहे.

या ऱ्हासाची किंमत काय, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्याने पाहिले. तेथील गवताळ माळावरील ‘प्रेअरी चिकन’ हा पक्षी १९६२ मध्ये सुमारे २,००० होता; १९९४ पर्यंत तो ५० च्याही खाली आला. माळ राखला, शिकार थांबवली, तरी अंडी उबेनात. अखेर दुसऱ्या राज्यांतून पक्षी आणून सोडल्यावर अंडी पुन्हा उबू लागली. हा उपायही सर्वांना उपलब्ध नसतो. आपल्या माळढोकाच्या पाच राज्यांतील ६३ नमुन्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा देशभरच त्याचे जनुकीय वैविध्य अत्यल्प असल्याचे दिसून आले. ज्याच्याकडून उसने आणायचे तोच कंगाल असेल तर दिवाळखोरी टळावी कशी?

याच शास्त्राची दुसरी बाजू आशादायक आहे. दोन गटांमध्ये दर पिढीस एखादा पक्षी जरी ये-जा करून तेथे संसार थाटू शकला, तरी फारकत पुष्कळ अंशी आवरते. म्हणजे दोन जंगलांमधील अरुंद पट्ट्याचे मोल त्याच्या एकरांवर ठरत नाही, तर त्यातून पार होणाऱ्या त्या एका पाखरावर ठरते.

साष्टीचे बेट

आता आपल्या नकाशाकडे पाहू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड व ठाणे आणि दक्षिणेस आरे यांनी वेढलेले आहे. सह्याद्रीकडे जाणारी त्याची जंगलवाट उत्तरेकडूनच निघते. घोडबंदर रस्ता, मग वसईची खाडी, पलीकडे नागल्याचे वन, पुढे दिवा–वसई लोहमार्ग आणि चिंचोटी–कामण–भिवंडी रस्ता, त्यानंतर तुंगारेश्वर आणि तानसा. खाडी निसर्गाने घातली. बाकीच्या रेघा आपण ओढल्या. यांतील प्रत्येक रेघ एकेकटी पाहिली तर क्षुल्लक आहे. आपली मंजुरीची पद्धतही त्यांना एकेकटेच पाहते, आणि नेमका तेथेच हिशेब चुकतो. जंगली पाखराला त्या साऱ्या रेघा एकापुढे एक ओलांडायच्या असतात.

रस्ते नकोत, असा याचा अर्थ नव्हे. अंधेरी–घाटकोपरच्या गर्दीत रोज तासन् तास घालवणाऱ्या कारकुनास व शिक्षकास जंगलाची महती सांगून त्याचा प्रवास सुसह्य होत नाही. उलट, गोरेगाव–मुलुंड रस्त्याचा सुमारे ४.७ किलोमीटरांचा भाग बोगद्यातून नेण्याचे ठरले, हा निर्णय जमिनीवरून रस्ता नेण्यापेक्षा निःसंशय शहाणपणाचा आहे. जंगलाची सलगता जपण्यासाठी शासन अधिक पैसा मोजू शकते, हे त्याने सिद्ध केले. प्रश्न इतकाच की हे तत्त्व उद्यानाच्या सीमेपाशी का संपावे?

भरपाईच्या वृक्षलागवडीचे उदाहरण घेऊ. तोडलेल्या झाडांबद्दल दूरच्या जिल्ह्यात झाडे लावली तरी नियमांचे समाधान होते. झाडाची भरपाई झाडाने होते असे क्षणभर मानू. पण जोडणीची भरपाई दूरच्या झाडाने होत नाही. पूल पडला तर त्याचे दगड दुसऱ्या गावी रचून नदी ओलांडता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हावयास हव्यात. एक, नागला–कामण–तुंगारेश्वर पट्ट्यातील प्रत्येक प्रकल्पाचा विचार स्वतंत्रपणे न करता एकत्रित व्हावा. दोन, उद्यान परिसरातील कामांची भरपाई-लागवड प्रथम याच पट्ट्यात, रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या फांद्या एकमेकींना भिडतील अशी व्हावी. तीन, काम सुरू होण्यापूर्वी आणि त्यानंतर ठराविक वर्षांनी खाडीच्या अलीकडील व पलीकडील काही निवडक पक्ष्यांचे जनुकीय नमुने तपासले जावेत. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच शहरात आहे, विद्यापीठ आहे, विज्ञान महाविद्यालये आहेत. प्रकल्पांच्या खर्चाच्या मानाने या तपासणीचा खर्च नगण्य ठरेल.

२०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला, तेव्हा अनेकांना लढाई जिंकल्यासारखे वाटले. दक्षिणेचे दार सांभाळले हे चांगलेच झाले. परंतु सह्याद्रीकडे उघडणारे दार उत्तरेस आहे. ते बंद झाले तर झाडे उभी राहतील, सकाळी शीळही ऐकू येईल आणि सारे ठीक आहे अशी आपली समजूत होईल. भांडवल मात्र दर पिढीस घटत राहील, आणि ती घट ताळेबंदात दिसू लागेल तेव्हा ती भरून काढण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असेल.