नवख्या हाताला आधार हवा

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल उभारून आणि गावोगाव वर्गणीदार मिळवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले, ते पारतंत्र्याच्या काळात. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्वानांनी आयुष्य वेचावे आणि समाजाने कृतज्ञतेने वाचावे, अशी ही परंपरा. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने मात्र वाचकाच्याच हाती लेखणी दिली. आज तेथील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत तेथे नियमित लिहिणारे हात अगदी थोडे आहेत.

हे हात वाढत का नाहीत? मराठी माणसाला भाषेचा अभिमान नाही, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या सुमारास मराठीचे उत्सव होतात, लेखनाच्या कार्यशाळाही भरतात. उत्साहाने सदस्यनोंदणी होते, पहिला लेख लिहिला जातो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आपल्या गावाविषयी चार परिच्छेद मोठ्या कष्टाने टंकित केले, अशी कल्पना करावी. गावची नदी, देवस्थान, जत्रा, शाळेचा इतिहास असे सारे त्यात आहे. दुसऱ्या दिवशी पाहावे तो लेख नाहीसा झालेला, कारण म्हणून ‘संदर्भ नाही’ एवढेच दोन शब्द. नियम चुकीचा नसतो. पण तो समजावून सांगणारे कोणी जवळ नसते. त्या बाई पुन्हा तिकडे फिरकत नाहीत आणि त्या गावाची माहिती कोशाबाहेरच राहते.

ही केवळ मराठीची व्यथा नाही. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे एक प्रमुख कारण पुढे आले: नवख्यांनी सद्हेतूने केलेले लेखन परतवून लावण्याचे वाढलेले प्रमाण. दर्जा राखण्यासाठी घातलेले कुंपणच नव्या माणसाला बाहेर ठेवू लागले. इंग्रजीकडे मनुष्यबळ विपुल, म्हणून तिने तो तोटा सोसला. मराठीला तो परवडणारा नाही.

उपाय खर्चिक नाही. त्यासाठी शेजारी बसणारा एक जाणता माणूस हवा. त्याने नवख्याला थेट नवा लेख लिहायला लावू नये. प्रथम ‘धूळपाटी’वर हात बसू द्यावा, मग एखादे चुकलेले शुद्धलेखन सुधारायला सांगावे, त्यानंतर जुन्या लेखातील एका विधानाला जिल्हा गॅझेटियरमधील किंवा जनगणनेच्या पुस्तकातील संदर्भ जोडून घ्यावा. प्रत्येक आवृत्ती ‘इतिहास’ पानावर जपलेली असते, म्हणून चुकीची भीती बाळगण्याचे कारण नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. विश्वकोशातील वा वृत्तपत्रातील मजकूर जसाच्या तसा उतरवणे किंवा यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चिकटवणे का चालत नाही, हेही तेव्हाच सांगावे. शंका आली तर चर्चापानावर किंवा ‘चावडी’वर विचारण्याची सवय लावावी.

या कामात उतरणाऱ्या कार्यकर्त्याने एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. ज्ञानकोश हे व्यासपीठ नव्हे. तेथे आपले मत मांडायचे नसते, प्रमाण ग्रंथांत जे नमूद आहे ते तटस्थपणे नोंदवायचे असते आणि मतभेद असतील तर दोन्ही बाजू द्यायच्या असतात. आपल्याला पूज्य असलेल्या व्यक्तीवरील लेखात विशेषणांची आरास करणारा संपादक त्या व्यक्तीची सेवा करीत नाही. त्याची विशेषणे पुसली जातात आणि विश्वासार्हताही जाते. तारीख, ग्रंथ, पृष्ठक्रमांक असलेले एक साधे वाक्य मात्र वर्षानुवर्षे टिकते. हा संयम शिकवणे हेच मार्गदर्शकाचे सर्वांत कठीण काम आहे.

जुन्या संपादकांवरही तेवढीच जबाबदारी येते. ‘नवागतांवर तुटून पडू नका’ ही विकिपीडियाचीच शिकवण आहे. अपुरा लेख काढून टाकण्यास क्षण पुरतो. त्याच्या लेखकाला दोन ओळी लिहून काय उणे आहे हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांतून उद्याचा संपादक घडतो.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. पण आज मुले विषयाची पहिली ओळख ग्रंथालयात नव्हे, तर हातातील पडद्यावर करून घेतात आणि प्रश्नांची उत्तरे देणारी संगणकीय यंत्रेही अशाच मजकुरावर शिकतात. तेथे मराठी नसेल, तर मराठी मुलाला आपल्याच नदीची आणि किल्ल्याची माहिती परभाषेतून घ्यावी लागेल. प्रत्येक जाणत्या संपादकाने वर्षभरात एका नवख्याला हाताशी धरून स्वतंत्रपणे लिहिता केले, तरी हे चित्र पालटू लागेल. केतकरांना वर्गणीदार शोधत हिंडावे लागले. आज शोध घ्यायचा आहे तो सहलेखकांचा, आणि तो घरापासूनच सुरू करता येतो.