सिल्कसाँगचा अवघडपणा आणि मराठीतले मौन

४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आला आणि थोड्याच वेळात स्टीम, निन्टेन्डो, प्लेस्टेशन या मोठ्या ऑनलाइन दुकानांची यंत्रणा गिऱ्हाइकांच्या गर्दीने कोलमडली. कित्येकांना पैसे भरता येईनात, ज्यांनी भरले त्यांना खेळ उतरवून घेता येईना. हे भाग्य सहसा अब्जावधी रुपये खर्चून केलेल्या आणि वर्षभर जाहिराती झेललेल्या खेळांच्या वाट्याला येते. सिल्कसाँगची किंमत होती वीस डॉलर आणि तो बनवणारी ‘टीम चेरी’ ही ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातली मूठभर माणसांची संस्था आहे. या संस्थेने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले आणि २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ हा पहिला भाग आणला. त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. दुसऱ्या भागाची घोषणा फेब्रुवारी २०१९ मधली. म्हणजे चाहत्यांनी तब्बल साडेसहा वर्षे वाट पाहिली. पहिल्याच दिवशी एकट्या स्टीमवर एका वेळी ५ लाखांहून अधिक माणसे हा खेळ खेळत होती.

ज्यांचा या खेळांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हा ‘प्लॅटफॉर्म’ जातीचा खेळ आहे. पडद्यावरच्या एका फळीवरून दुसरीवर नेमकी उडी मारायची, काटे चुकवायचे, शत्रूला नमवायचे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांवर ज्यांनी मारिओ खेळला, त्यांना ही जात ठाऊक आहे. सिल्कसाँगची नायिका हॉर्नेट कोळ्याच्या वंशातली. हाती सुई आणि रेशमाचा धागा. पहिल्या भागात ती खेळाडूची प्रतिस्पर्धी होती. कीटकांच्या एका विशाल, मोडकळीस आलेल्या राज्यातून तिला वर वर चढत जायचे आहे.

समीक्षकांनी खेळाचे स्वागत केले. चित्रे हाताने काढलेली, क्रिस्टोफर लार्किन यांचे संगीत प्रत्येक प्रदेशाला वेगळा स्वभाव देणारे, जग अफाट. मेटाक्रिटिक या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर आकडा नव्वदीच्या घरात राहिला. एक बाब मात्र येथे नोंदवली पाहिजे. टीम चेरीने समीक्षकांना खेळाच्या प्रती आगाऊ दिल्याच नाहीत. वर्गणी देणाऱ्या सामान्य चाहत्यांच्या आधी समीक्षकांनी खेळावे हे त्यांना योग्य वाटले नाही. परिणामी प्रकाशनाच्या दिवशी तयार अभिप्राय कोठेच नव्हते. समीक्षक आणि गिऱ्हाईक एकाच वेळी, एकाच खड्ड्यात पडत होते आणि अवघडपणाचा वाद अशा मोकळ्या मैदानात पेटला.

हा वाद नवा नाही. निन्टेन्डोने १९८६ मध्ये जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा दुसरा भाग काढला. तो इतका कठीण होता की अमेरिकेतल्या शाखेने तो आपल्या गिऱ्हाइकांना देण्याचेच नाकारले. अमेरिकेला १९८८ मध्ये ‘मारिओ दोन’ म्हणून जो मिळाला तो एका वेगळ्याच जपानी खेळावर मारिओचा मुखवटा चढवून केलेला होता. मूळ कठीण भाग तेथे पोहोचायला १९९३ उजाडले. पहिला भाग ज्यांनी पार केला त्यांच्यासाठी दुसरा बनवायचा, की नव्याने येणाऱ्यांसाठी, हा पेच त्या वेळेपासूनचा आहे. फरक इतकाच की तेव्हा निर्णय कंपनीच्या बंद खोलीत झाला. आता लाखो लोकांसमोर, आठवड्याभरात होतो.

सिल्कसाँगवरच्या तक्रारींना ‘आजकालच्या पोरांना सगळे आयते हवे’ असे उत्तर देणारे पुष्कळ होते. ते उत्तर आळशी आहे, कारण चांगल्या तक्रारी नेमक्या होत्या. त्यातली एक हिशेबाने पाहू. हॉर्नेटचे आयुष्य सुरुवातीला पाच मुखवट्यांनी मोजले जाते. या खेळातले बरेच शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे हिरावतात. म्हणजे तीन फटक्यांत मृत्यू. आता कोपरे धुंडाळून, चार तुकडे जमवून खेळाडूने सहावा मुखवटा मिळवला. दोनाच्या हिशेबाने सहा मुखवटेही तीनच फटक्यांत संपतात! कित्येक तासांच्या मेहनतीचे हे पहिले बक्षीस अशा शत्रूंसमोर शून्य किमतीचे ठरते. ही तक्रार खेळ कठीण असल्याची नाही, कष्टाचे मोल न मिळाल्याची आहे. तसेच हॉर्नेटचा खालच्या दिशेचा वार तिरका जातो. पहिल्या भागात तो सरळ होता, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या बोटांना लागलेली सवयच आडवी आली. मेल्यावर पुन्हा शेवटच्या बाकापासून चालत यायचे, वाटेत तेच काटे, तेच शत्रू. त्यात काही बाकांवर बसायलाही पैसे मोजावे लागतात आणि पैसे तर नुकतेच मरताना सांडलेले असतात. (एवढ्या विनोदबुद्धीबद्दल मात्र टीम चेरीला दाद द्यायला हवी.)

दुसरी बाजूही तितकीच विचारी होती. निर्मात्यांची भूमिका अशी की एखादी वाट अडली तर जगात दुसऱ्या वाटा आहेत. वळसा घ्या, बळ वाढवा, मग परत या. हे खरे आहे, आणि ज्यांनी असा वळसा घेतला त्यांना खेळ वेगळाच दिसला. माझे मत विचाराल तर जगाच्या रचनेतला अवघडपणा हा या खेळाचा प्राण आहे, मुखवट्यांच्या हिशेबातला अवघडपणा मात्र ढिसाळपणा आहे. दोन्हींना एकाच शब्दाने संबोधल्यामुळे निम्मा वाद वाया गेला.

आणि तक्रारींचा परिणाम झाला. प्रकाशनानंतर काही दिवसांतच दुरुस्ती आली. सुरुवातीच्या मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर या दोन प्रतिस्पर्ध्यांचा कस थोडा सौम्य केला गेला, काही ठिकाणची इजा कमी झाली, बाकांचे आणि प्रवासाचे दर उतरले. पुढे डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सिल्कसाँगला सर्वोत्कृष्ट ॲक्शन-साहसी खेळाचा मान मिळाला. स्टीमच्या ग्राहकांनी तर त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरवले आणि वर ‘ज्यात आपण सपशेल कच्चे आहोत असा सर्वोत्तम खेळ’ हा गमतीचा किताबही त्यालाच दिला.

इथवरची कथा इंग्रजी माध्यमांतून बरीच सांगितली गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड तिच्या शेजारी घडली आणि ती भाषेची होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या खेळाडूंचा कौल ‘अतिशय अनुकूल’ असताना चिनी भाषेत लिहिणाऱ्यांचा कौल त्याच आठवड्यात ‘बहुतांशी प्रतिकूल’ होता. मुख्य कारण अनुवाद. मूळ इंग्रजी संवाद तुटक, सूचक, थोडे गूढ आहेत. चिनी रूपात ते जुन्या तलवारबाजीच्या कादंबऱ्यांतल्यासारखे अलंकारिक आणि पुराणवळणी झाले, असा आक्षेप आला. पात्रांचा आवाजच बदलला. टीम चेरीच्या प्रतिनिधीने जाहीरपणे चूक मान्य केली आणि अनुवाद सुधारण्याचे आश्वासन दिले. ॲडलेडमधल्या चिमुकल्या संस्थेला चिनी वाचकाच्या कानाची दखल घ्यावी लागली, ती त्याने आपल्या भाषेत, हजारोंच्या संख्येने आणि नेमक्या उदाहरणांसह लिहिले म्हणून.

योगायोग असा की स्टीमने ऑगस्ट २०२५ मध्येच आपला नियम बदलला होता. ज्या खेळाला २ हजारांहून अधिक अभिप्राय आहेत आणि एखाद्या भाषेत किमान २०० आहेत, त्या खेळाचा त्या भाषेपुरता स्वतंत्र कौल दाखवायचा. म्हणजे आता ग्राहकाला जगाचे सरासरी मत दिसण्याऐवजी आपल्या भाषिकांचे मत आधी दिसते. सिल्कसाँग आला तेव्हा या दुकानाच्या भाषांच्या यादीत थाई होती, व्हिएतनामी होती, बल्गेरियन होती, युक्रेनियन होती. हिंदी नव्हती, मग मराठीचे काय? मराठीत कोणी अभिप्राय लिहिलाच तर तो दुसऱ्या कुठल्या तरी भाषेच्या खात्यात जमा होणार.

दोष एकट्या त्या अमेरिकी दुकानाला देऊन आपली सुटका नाही. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्यापासून मराठी आणि कोकणीच्या स्थानावरून आपण किती कंठशोष केला! शाळेचे माध्यम, कार्यालयातील अर्ज, पाट्या, अकादम्या. पण त्याच घरांतला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळचे दोन तास ज्या जगात वावरतो, त्याबद्दल या दोन्हींपैकी एकाही भाषेत त्याच्याशी कोणी बोलत नाही. इफ्फीत दाखवलेल्या इराणी वा कोरियन चित्रपटावर आपल्याकडे मराठीत रकानेच्या रकाने येतात, आणि ते यावेतच. व्हिडिओ गेम मात्र बातमीत येतो तो व्यसन, फसवणूक किंवा जुगार म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मराठीत पुष्कळ लिहिले गेले. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली, ही बाजू त्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. जुगार आणि सिल्कसाँग यांना एकच ‘गेमिंग’ हा शब्द पुरतो, ही आपल्या शब्दसंग्रहाची सध्याची अवस्था आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीपुढे हा प्रश्न अधिक टोकदार होऊन उभा राहतो. इंदूरचे उदाहरण घ्या. तेथील जुन्या भागात छत्रीबाग आहे. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी छत्र्यांमुळे हे नाव पडले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत या शहराने मराठी दरबार पाहिला. आजही छत्रीबागेच्या परिसरातल्या मराठी घरात आजी मराठीत हाक मारते, नातू गल्लीत हिंदीत भांडतो आणि पडद्यावर इंग्रजीत मरतो. त्या मरण्याबद्दल तो मित्राशी बोलतो ते हिंदीत, शोध घेतो तो इंग्रजीत. मराठीकडे त्याला द्यायला या विषयावरचे एक वाक्यही नसते. म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या घरात भाषांची नावे बदलतील, मांडणी हीच राहील. एखादी भाषा घरातून जाते ती कोणी बंदी घातल्यामुळे क्वचितच; मुलांच्या जिवाच्या गोष्टी तिच्यात बोलता येईनाशा झाल्या की ती स्वयंपाकघरापुरती उरते.

छत्रीबाग आणखी एका कारणासाठी आठवते. उंच जोते, पायऱ्या, कमानी, खांबांवरची कोरीव शिल्पे, वर निमुळते होत गेलेले शिखर: चढत जाण्याच्या खेळासाठी याहून सुरेख रचना कोणती? हॉर्नेटच्या राज्यातही पडक्या देवळांची आणि स्मारकांची रेलचेल आहे, आणि त्यांचेच कौतुक समीक्षकांनी सर्वाधिक केले. भारतीय स्थापत्य खेळात उतरवण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झालाही. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’मध्ये राजस्थानी वास्तू आणि पहाडी लघुचित्रांची शैली दिसते. उड्या, भिंतींवरून धावणे, कोडी आणि लढाई असे त्याचे स्वरूप. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. परदेशी समीक्षकांनी चित्रसृष्टीची वाहवा केली, लढाईच्या हालचाली अडखळतात आणि कथा अर्धवट थांबते असे सांगितले. ही टीका रास्त होती. पण देवतांच्या कथा राजीत निवेदनातून फार समजावून सांगितल्या जातात, की नेमक्या तेवढ्याच, हे ज्याला त्या कथा लहानपणापासून ठाऊक आहेत त्याने सांगायचे होते. पुण्यात घडलेल्या खेळावर मराठीत जे आले ते बहुतेक अभिमानाच्या सुरातले: आपल्या मुलांनी जगात नाव काढले. उडी जमते का, मेल्यावर किती मागे जावे लागते, याचा उल्लेख त्यात शोधावा लागतो.

राजीला पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाले. आता तिचा दुसरा भाग ‘राजी: कलियुग’ या नावाने जाहीर झाला आहे. पहिला भाग पार केलेल्यांसाठी तो किती कठीण असावा, हा टीम चेरीला पडलेला पेच पुण्यातल्या चमूलाही टळणारा नाही. सिल्कसाँगला दुरुस्ती करायला लावली ती मुखवट्यांचा, बाकांच्या दरांचा, तिरक्या वाराचा हिशेब मांडणाऱ्या खेळाडूंनी. राजीचा तसा हिशेब मराठीत मांडायला स्टीमच्या यादीत मराठीचे नाव येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. चित्रपटांच्या रकान्याशेजारी आठवड्यातून एकदा पाचशे शब्दांची जागा पुरेल, आणि ते शब्द लिहिणारी मुले म्हापशात, पुण्यात, छत्रीबागेत आज हाती कंट्रोलर घेऊन बसलेली आहेत.