न ऐकता दिलेला निकाल





या वेळचं संपादकीय रॉक, पॉप आणि हिप-हॉप अल्बमांच्या परीक्षणांवर आहे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. जात, स्थलांतर, निवडणुका हे नेहमीचे विषय सोडून संपादक रॅपकडे कुठे भरकटले? कारण घरगुती आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

२०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीहून गाडीनं वॉशिंग्टनला निघालो होतो. मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिनं केंड्रिक लमारचा त्याच वर्षी आलेला 'टू पिम्प अ बटरफ्लाय' लावला. पहिल्या मिनिटात जे शब्द कानांवर पडले त्यांनी मी वैतागलो, हात लांबवून गाणं बंद केलं आणि म्हणालो, "हे संगीत नव्हे, शिवीगाळ आहे."

"बाबा, एका मिनिटात कळलं तुला?"

"शितावरून भाताची परीक्षा होते," मी म्हणालो.

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मग 'गोलपिठा'च्या वेळी पहिल्या शितावर का नाही थांबलास?"

महिन्याभरापूर्वीच आमच्या बेसमेंटमध्ये 'गोलपिठा'वर कार्यक्रम झाला होता. 'भाषा शिवराळ आहे' म्हणून नामदेव ढसाळांना नाकारणाऱ्या सदाशिवपेठी अभिरुचीचा मी तिथे तासभर समाचार घेतला होता. चिरंजीविनी जिन्यावर बसून ऐकत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. डेलावेअर येईपर्यंत मी गप्प होतो.

१९७२ साली 'गोलपिठा' आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. ते जग त्यांना परकं होतं. त्यांनी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारून घेतले आणि त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरून आले. निकाल देण्याआधी परीक्षकानं करायचं काम ते हेच. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं, हे आपण दरवर्षी अभिमानानं सांगतो. मात्र त्याच कृष्णवर्णीय वस्त्यांमधून आलेलं गाणं मुलांच्या खोलीतून ऐकू आलं की आपण दार लावून घेतो.

प्रवासाहून परतल्यावर मी तो अल्बम पूर्ण ऐकला, आणि मग अमेरिकेत या संगीताचे निकाल कोण आणि कसे देत आलं आहे, ते वाचायला लागलो.

इथली निकालाची पद्धत मोठी मजेशीर आहे. रॉबर्ट क्रिस्टगाव या समीक्षकानं १९६९ पासून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये अल्बमांना शाळेतल्यासारख्या ए, बी, सी अशा श्रेणी दिल्या. 'रोलिंग स्टोन'चे तारे असत. 'पिचफोर्क' तर ०.० ते १०.० असे दशांशात गुण देई. आठ पूर्णांक दोन आणि आठ पूर्णांक तीन यांत नेमका काय फरक, ते दहावीच्या बोर्डालाही सांगता आलं नसतं! गुण छापले की परीक्षक दिसेनासा होतो. तो कोण, कुठे वाढला, त्याच्या कानाला कशाची सवय, हे कुणी विचारत नाही.

पण परीक्षक बदलला की गुणही बदलतात. 'रोलिंग स्टोन'नं २००३ साली सर्वकाळच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी केली. पहिल्या क्रमांकावर बीटल्सचा 'सार्जंट पेपर' होता, आणि लॉरिन हिलचा १९९८ चा 'मिसएज्युकेशन' तीनशेच्याही पुढे. २०२० मध्ये नव्या मतदारांकडून नव्यानं यादी करवून घेतली, तेव्हा पहिला आला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', आणि लॉरिन हिल थेट दहावी. मधल्या काळात तिच्या अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता.

गिटार घेऊन स्वतःचं गाणं स्वतः लिहिणारा गोरा पुरुष म्हणजे अस्सल, आणि पॉप, डिस्को, रॅप म्हणजे बाजारू, ही मोजपट्टी वर्षानुवर्षं 'अभिरुची' या नावानं खपली. केलेफा सन्ने यांनी २००४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या 'रॉकिझम'वर नाव घेऊन बोट ठेवलं. आपल्याकडे शास्त्रीय ते अभिजात आणि तमाशातलं ते उथळ, ही उतरंड कुणी रचली, हा प्रश्न ज्यांनी विचारला आहे त्यांना हा लेख परका वाटणार नाही.

मग परीक्षक आपल्यातलाच असला की झालं? तेही तितकं सोपं नाही. 'द सोर्स' हे मासिक १९८८ मध्ये हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या मुलांनी चालवलेल्या एका साध्या वार्तापत्रातून उभं राहिलं. तिथे ताऱ्यांऐवजी मायक्रोफोन मोजले जात, जास्तीत जास्त पाच. १९९४ मध्ये नॅसच्या 'इलमॅटिक'ला पाच मायक्रोफोन मिळाले. नॅस तेव्हा वीस वर्षांचा, क्वीन्सबोरो पुलाजवळच्या क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीत वाढलेला. विक्री सुरुवातीला बेताचीच होती. तो निकाल एका तरुण परीक्षिकेनं लिहिला होता, आणि काळानं तिला खरं ठरवलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं पुढे 'इलमॅटिक'ला राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात जागा दिली. पण त्याच १९९४ मध्ये मालकानं आपल्या मर्जीतल्या एका रॅप गटावरचा लेख संपादकांना अंधारात ठेवून छापला, आणि प्रमुख संपादक राजीनामे देऊन बाहेर पडले. खुर्चीवर आपला माणूस बसला तरी ती खुर्ची विकाऊ नसावी लागते.

आता जरा अडचणीचा भाग. रॅपमध्ये बाईबद्दल जे बोललं जातं, त्याचं काय? 'ती त्यांची संस्कृती आहे' म्हणत गप्प बसणं हाही न ऐकता दिलेलाच निकाल, फक्त पास करणारा. जोन मॉर्गन या कृष्णवर्णीय लेखिकेनं हिप-हॉपवर जीव तोडून प्रेम केलं आणि त्यातल्या स्त्रीद्वेषाचा हिशोबही मागितला. १९९९ च्या आपल्या पुस्तकात तिनं दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या. आपल्यालाही हे जमायला हवं. माझ्या कपाटात 'गोलपिठा'शेजारी मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आहे. दोन्ही पुस्तकं खरी आहेत, आणि एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

निकाल चुकतो, यात काही गुन्हा नाही. 'पिचफोर्क'नं २००३ मध्ये लिझ फेअरच्या अल्बमला चक्क ०.० दिले होते. रॉकवाल्या बाईनं पॉप गायलं, हा तिचा मोठा अपराध! लिहिणाऱ्या परीक्षकानं २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये 'पिचफोर्क'नं आपले एकोणीस जुने निकाल बदलले, त्यात तिला ६.० मिळाले. ते गुणांचं वेड मला आजही पटत नाही, पण चुकीची कबुली देण्याचं कौतुक आहे.

ती कबुली देता आली, कारण निकाल कारणांसकट लिहिलेला होता. आज ही जागाच आक्रसते आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'पिचफोर्क' पुरुषांच्या फॅशनचं मासिक असलेल्या 'जीक्यू'मध्ये विलीन केलं गेलं आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. आता पुढचं गाणं फोन ठरवतो. तो कारण देत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. परीक्षक पक्षपाती असेल, पण त्याला उलट पत्र तरी लिहिता येत होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. निकाल जरूर द्यावा, कडकसुद्धा द्यावा. पण आधी शेवटपर्यंत ऐकावं, शब्द अडला तर विचारावा, आपण कुठल्या ओट्यावर बसून ऐकतो आहोत ते सांगावं, आणि कारण द्यावं.

लमारच्या त्या अल्बमबद्दल माझा निकाल विचाराल, तर वाद्यमेळ, विशेषतः त्यातला जॅझ, अप्रतिम. मधली काही गाणी मला लांबली असं वाटतं. आणि दोन जागी बाईबद्दलची भाषा अजूनही खुपते. मुलगी म्हणते, लांबलेली गाणी मी पुन्हा ऐकायला हवीत. ऐकेन.

पण त्या दिवशी मी जो निकाल दिला होता, तो अल्बमचा नव्हताच. त्या आवाजात बोलणाऱ्या माणसांचा होता, आणि तो मी गाडीत बसण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवला होता. तुमच्या घरी असा एखादा लिहून ठेवलेला निकाल आहे का? असल्यास जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू, कारणांसकट.

आपला,
संपादक