नरसाळं घेतलं, आडोसा कुठाय?

बायकांना उभ्यानं लघवी करता यावी म्हणून कागदाची, सिलिकॉनची नरसाळी बाजारात आली आहेत. प्रवासाला निघताना कोणतं घ्यावं याची चर्चा होते. कागदाचं वापरून फेकायचं, सिलिकॉनचं धुऊन पुन्हा वापरायचं. गुडघे धरलेल्या किंवा गरोदर बाईला ते खरंच उपयोगाचं. नाक मुरडायचं कारण नाही.

पण भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या बांधीत ते नेऊन पाहा. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली. चहूकडे उघडं, धुऱ्यावर माणसं. नरसाळं धुवायचं कशानं, आणि उभं राहायचं कुणाच्या नजरेसमोर? पुरुष पाठ फिरवून मोकळा होतो. बाई पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, आणि तोंडातून शब्द नाही, कारण मजुरी बुडेल.

शहरातल्या बायकांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. पुरुषांना मुतारी फुकट, मग आम्हाला पैसे का, असं मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ मोहिमेनं विचारलं. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर २०१५ साली उच्च न्यायालयानं बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायचे आदेश दिले. कुणाला? महापालिकांना! बांधी त्यात कुठे बसते? २०२३ पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे. उतरल्यावर जायचं कुठे, ते तिकिटावर लिहिलेलं नाही.

नरसाळं पिशवीत जरूर ठेवा. पण रोवणीची मजुरी ठरवतानाच आडोसाही मागा: चार बांबू, ताडपत्री, बादलीभर पाणी. मालकाला केवढा खर्च? आणि ग्रामसभेत विषय लेखी द्या. कुणी हसलं, तर तेही इतिवृत्तात नोंदवायला लावा.