नायिकेची साक्ष आणि लेखिकेची मजुरी

चेल्सी केन यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ टीन स्लूथ’ (२००५) या विडंबनात्मक कादंबरीत नॅन्सी ड्रू ही तरुण हेर आपल्या लेखिकेविरुद्ध तक्रार मांडते. कॅरोलिन कीन ही म्हणे तिची महाविद्यालयातील खोलीसोबतीण. तिने नॅन्सीचे आयुष्य उचलले आणि विपर्यस्त करून छापले. विडंबन म्हणून कल्पना खुसखुशीत आहे, आणि विनोदाला दस्तऐवजांचे बंधन नसते. समीक्षेला मात्र असते. पात्र लेखकाविरुद्ध बोलू लागले की ते ‘मुक्त’ झाले, लेखकाची अधिसत्ता ढासळली, असा जो निष्कर्ष सिद्धांतचर्चेत जवळजवळ यांत्रिकपणे काढला जातो, तो या उदाहरणात नुसता लंगडा पडत नाही. तो सत्याच्या नेमका उलट आहे. कारण ढासळायला येथे अधिसत्ताधारी लेखिकाच नव्हती. कॅरोलिन कीन नावाची स्त्री कधी अस्तित्वातच नव्हती.

ते नाव होते एडवर्ड स्ट्रॅटमायर यांच्या सिंडिकेटचे, म्हणजे बालकुमारांसाठी पुस्तकमालिका तयार करवून घेऊन प्रकाशकांना पुरवणाऱ्या संस्थेचे. कथानकाचा आराखडा संस्था देई, पुस्तक कोणी पगारी लेखक लिही, हक्क संस्थेकडे राहत. १९३० साली आलेले ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ आणि पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस पुस्तके मिल्ड्रेड वर्ट (नंतरच्या बेन्सन) यांनी लिहिली. आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या या लेखिकेला आरंभी पुस्तकामागे १२५ डॉलर ठोक मिळत. रॉयल्टी नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. उलट सर्व हक्क सोडल्याचे पत्र मात्र लिहून द्यावे लागे. मंदीत हा मोबदला ७५ डॉलरवर आणला गेला तेव्हा त्यांनी काम नाकारले. त्यानंतरची तीन पुस्तके वॉल्टर कॅरिग नावाच्या पुरुषाने लिहिली. कॅरोलिन कीन जराही न डगमगता लिहितच राहिली.

रोलाँ बार्त यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला तो १९६७-६८च्या सुमारास. सिंडिकेटने तो कित्येक दशके आधीच करारनाम्याच्या एका परिच्छेदात उरकून टाकला होता, आणि त्यातून वाचक जन्मला नाही. जन्मला तो मालक. १९६९च्या व्याख्यानात मिशेल फूको यांनी लेखक-नाम हे एक कार्य आहे असे म्हटले, ते आपल्याकडील चर्चासत्रांत हमखास सांगितले जाते. त्याच व्याख्यानात संहितेच्या मालकीचा आणि तिच्या विनियोगाचा प्रश्न आहे, तो भाग मात्र बहुधा चहापानाच्या वेळेत जातो. कोण बोलते आहे याला महत्त्व काय, असे विचारणे ज्याचे नाव मुखपृष्ठावर आहे त्याला परवडते.

१९८० साली न्यू यॉर्कच्या न्यायालयात या मालिकेच्या हक्कांवरून दोन प्रकाशनसंस्थांचा खटला चालला. एडवर्ड यांच्या कन्या हॅरिएट अॅडम्स तोवर वर्षानुवर्षे आपणच कॅरोलिन कीन असल्याचे सांगत आल्या होत्या. साक्षीसाठी आलेल्या मिल्ड्रेड बेन्सन यांना पाहून, आपण तर तुम्ही मृत झालात असे समजत होतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगितले जाते. लेखकाच्या मृत्यूवर इतके निरागस भाष्य पॅरिसमध्येही झालेले नसावे.

हॅरिएट यांना खलनायिका ठरवून येथे भागत नाही. वडिलांमागे संस्था त्यांनी सांभाळली, आराखडे रचले, पुढची कित्येक पुस्तके स्वतः लिहिली; त्यांचेही श्रम खरेच होते. प्रश्न ‘अस्सल’ जननी शोधण्याचा नाही. आपली नॅन्सी आणि श्रीमती अॅडम्स यांची नॅन्सी एक नव्हे, अशी साक्ष बेन्सन यांनी दिली होती, आणि तिची शहानिशा करता येते. १९५९पासून जुनी पुस्तके नव्याने लिहिली गेली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली, सोळा वर्षांची नॅन्सी अठराची झाली, तिचा हेकट, मोठ्यांना न जुमानणारा स्वभाव पुष्कळ मवाळ झाला. वंशद्वेषी चित्रणे काढण्याचा हेतू स्तुत्य होता; ती चित्रणे बेन्सन यांच्या संहितेत होती हेही लपवण्याचे कारण नाही. पण पद्धत पाहावी. पहिल्या पुस्तकातला जेफ टकर हा काळा राखणदार मद्यपी आणि हास्यास्पद रंगवला होता. सुधारित आवृत्तीत त्याचे काळेपणच काढून टाकले गेले. अपराध भाषेचा, हद्दपारी माणसाची.

नायिका लेखिकेविषयी बोलते ती येथे, या दोन पाठांमधल्या फटीत. ज्या विद्यापरंपरेत ज्ञानेश्वरीच्या एकेका ओवीचे पाठभेद पिढ्यान्‌पिढ्या तपासले गेले, त्या परंपरेतल्या अभ्यासकांनी लोकप्रिय साहित्यापुढे येताच पाठचिकित्सा खुंटीला टांगावी आणि ‘आत्मभानी निवेदन’ एवढ्या शब्दावर समाधान मानावे, हा आळस आहे. त्याला सिद्धांताची झूल पांघरल्याने तो तेज होत नाही. केन यांच्या पुस्तकातली नॅन्सी लेखिकेला चोर म्हणते तेव्हा, नकळत का होईना, जिच्याकडून घेतले गेले तिच्यावरच आळ येतो. आणि संस्थेने रचलेल्या एका बनावट नावाला तोंड, खोली आणि मत्सर लाभतो. वाचक हसतो. समीक्षकाने हसून झाल्यावर विचारायला हवे होते की या विनोदात संस्था कुठे गेली.

बेन्सन यांचे श्रेय विद्वत्सभेत उघडपणे मान्य झाले ते १९९३ साली, आयोवा विद्यापीठातील नॅन्सी ड्रू परिषदेत. त्या २००२ साली वारल्या. अखेरपर्यंत टोलीडोच्या वृत्तपत्रात लिहीत होत्या. १९३०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ पुस्तकांचा अमेरिकेतील स्वामित्वहक्क पंच्याण्णव वर्षांच्या मुदतीनुसार २०२५च्या अखेरीपर्यंतचा. त्यापुढे कोणालाही हात लावता येतो तो त्या सोळा वर्षांच्या, हेकट, बेन्सन यांच्या हातून उतरलेल्या नॅन्सीला. १९५९ची मवाळ नॅन्सी आणखी कित्येक वर्षे मालकाच्या ताब्यात आहे.