'कझिन ब्रदर' ही चूक आहे का?

'आजचं लेक्चर प्रीपोन झालंय' असं आपण सर्रास म्हणतो. 'पोस्टपोन' आहे, तर त्याच्या उलट शब्द का नको, असं साधं तर्कशास्त्र त्यामागे आहे. 'कझिन ब्रदर'चंही तसंच. नुसत्या 'कझिन'वरून भाऊ की बहीण ते कळत नाही, आणि आपलं तर ते कळल्याशिवाय भागतच नाही!

श्रीनगरला जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू (1932-2016) यांनी अशा इंग्रजीचा आयुष्यभर अभ्यास केला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असताना, 1985 मध्ये त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका. बाहेरच्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर, म्हणजे जिथे इंग्रजी सत्तेबरोबर आली आणि कोर्टकचेरीत, साहित्यात रुजली. आणि विस्तारत्या वर्तुळात चीन-जपानसारखे देश. शिकताना राहून गेलेली उणीव म्हणजे चूक, आणि समाजाच्या गरजेतून आलेला, सगळे नियमाने वापरतात तो प्रयोग म्हणजे वेगळेपण, हा फरक त्यांनी ठामपणे केला.

ब्रिटिश अभ्यासक रँडॉल्फ क्वर्क यांनी 1990 मध्ये यावर हरकत घेतली. शिकणाऱ्याला प्रमाण इंग्रजीच द्या, नाहीतर नुकसान त्याचंच, असं त्यांचं म्हणणं. काचरूंनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिलं.

मला काचरू पटतात. पण क्वर्क यांची काळजी झटकून टाकता येत नाही. मुलाखत घेणारा काही तीन वर्तुळं वाचून आलेला नसतो. म्हणून प्रमाण इंग्रजी नीट शिकवावीच. पण उत्तर येत असूनही, कोणीतरी हसेल म्हणून मान खाली घालून बसलेली मुलं प्रत्येक वर्गात आहेत. व्याकरण नंतर सुधारता येतं. एकदा गप्प झालेलं मूल पुन्हा बोलतं करणं फार अवघड असतं.

आणि आपण मराठीवाले तरी काय करतो? बेळगावचा मुलगा 'काय करालास?' म्हणाला की पुण्याची मराठी येणारे गालात हसतात. कन्नडच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही मराठी आहे. तिलाही स्वतःचे नियम आहेत. आपल्या इंग्रजीला मान हवा असेल, तर तोच न्याय शेजारच्या बाकावरच्या मराठीलाही लावायला हवा.

माझी मंडळाला एवढीच सूचना: पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलीसाठी गुण कापू नका. मुद्दा काय मांडला, ते आधी ऐका.